आहे का घरात कोणी?

पालघर जिल्ह्यात डोक्यावर छप्पर असलेला असा एकही जीव नसेल, की ज्याच्या दारात आमचे साडू कॅमेरा घेऊन उभे राहिले नाहीत. मी 'जीव' म्हणतोय, 'माणूस' नाही, हे लक्षात घ्या. खाडीच्या चिखलात भोक पाडून राहणारा खेकडा, कारवीच्या कुडाच्या घरात नांदणारं कुटुंब, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी, भाताची राखण करायला शेतात उभारलेला माळा, वीटभट्टीवरची ताडपत्रीची पालं, वारुळं, ढोली, गोठे, कोळ्यांची घरं. ज्यात कोणीतरी राहतं ते साडूंना पवित्र, आणि ज्यात कोणी राहत नाही, मग तो ताजमहाल का असेना, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तारापूरजवळ त्यांची वाडवडिलांपासूनची नारळी-केळीची वाडी आहे. जन्म गेला तो बोईसरच्या एका कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात. आता निवृत्त झालेत, म्हणजे फोटो काढायला रविवारची वाट बघावी लागत नाही, एवढाच फरक. माझं बोईसरला पंखे-मिक्सरचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी पंखा दाखवतो आणि मग, त्याने विचारलेलं नसताना, भिंतीवरचे साडूंचे फोटो दाखवतो. बायको म्हणते, याने धंदा बुडेल. बुडू दे. माणसाला मिरवायला घरात एक तरी नातेवाईक असावा लागतो, आणि माझ्या बाकीच्या नातेवाइकांत मिरवण्यासारखं काय आहे ते तुम्ही विचारू नका.

साडूंचा पहिला नियम असा, की कोणाच्याही घराचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. माणसाच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण हे गृहस्थ खेकड्याच्या बिळापाशीसुद्धा चपला काढून ओणवे होतात आणि गोड आवाजात विचारतात, "आहे का घरात कोणी?" मग तिथेच ओल्या वाळूत बसून राहतात. मालक डोळे वर करून बाहेर आला, तर फोटो. नाही आला, तर नमस्कार करून परत. एकदा किनाऱ्यावर फिरायला आलेला बोईसरचा एक परप्रांती कामगार हे सगळं बघत उभा होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "चाचा, किससे बात कर रहे हो?" साडूंनी मान न वळवता सांगितलं, "मकान मालिक से." तो बिचारा बराच वेळ त्यांच्याबरोबर वाट बघत बसला. खेकडा काही आला नाही. जाताना त्यानेही वाकून बिळाला नमस्कार केला, असं साडू सांगतात आणि ते खोटं सांगत नाहीत.

माणसांच्या घरांसाठी नियम वेगळा. त्या घरचं पाणी पोटात गेल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. "ज्यांच्याकडे पाणी प्यालो नाही, त्यांचं घर मला काय कळणार?" असं त्यांचं म्हणणं. बोलायला छान आहे हो. पण एकदा मी त्यांच्याबरोबर स्कूटरवर डोंगराकडच्या पाड्यांवर गेलो होतो, तेव्हा या तत्त्वज्ञानापायी माझी काय अवस्था झाली ते माझं मला ठाऊक. प्रत्येक घरी तांब्या, कुठे ताक, कुठे ताडाचे गोळे. साडू मजेत. मी प्रत्येक वळणावर "जरा थांबवा" म्हणतोय. शिवाय फोटो काढून हे मोकळे होत नाहीत. त्याची पहिली प्रत घरमालकाला नेऊन देतात, भिंतीवर खिळा नसला तर खिळा मारून देतात. आणि हा न्याय पाखरांनाही लागू. सुगरणीच्या घरट्याचा फोटो त्यांनी लॅमिनेशन करून त्याच बाभळीला सुतळीने टांगला होता. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं. दोन-चार दिवसांत एका खारीने तो कुरतडून, तुकडे नेऊन आपल्या घरात कोंबले. साडू आनंदाने वाडीभर सांगत सुटले, की माझा फोटो आता कोणाच्या तरी भिंतीत आहे.

माणसांचे चेहरे मात्र त्यांना जमतही नाहीत आणि आवडतही नाहीत. माझ्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी हौसेने त्यांनी घेतली होती. मांडवाच्या मेढी, आचाऱ्यांनी चुलाण्यावर घातलेला झावळ्यांचा आडोसा, वऱ्हाडाच्या सामानावर झोपलेल्या मांजरीने केलेली जागा, हे सगळं अप्रतिम आलं आहे. नवरा-नवरी एका फोटोत आहेत, तेही पाठमोरे. आम्ही बोईसरला नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आले, सगळ्या खोल्या फिरले, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात चिमणीने केलेल्या घराचा फोटो काढून गेले. त्याची प्रत मला दिली. मागे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'चिमणीचं घर. आत इतर.' ते इतर म्हणजे आम्ही. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांना ते कळलंही नाही.

पण या वेडावरच ताईचं लग्न जमलं, हे मी विसरू शकत नाही. सासऱ्यांकडे मुलगी बघायला आले, तेव्हा पोहे निवत होते आणि हे ओटीवर मान वर करून उभे. आढ्याला कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, त्याचा फोटो घेत होते. सासरे समजले, मुलगी पसंत नाही, मुलगा वेळ काढतोय. साडूंनी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, की त्यांच्या रंग दिलेल्या आढ्यावर माशीने चिखल थापलाय आणि कोणी तो खरवडलेला नाही, त्या घरातली मुलगी डोळे मिटून करायची. ताई हे सांगताना अजून फणकारते, "म्हणजे मला नाही, माशीला पसंत केलं यांनी." पण सांगते मात्र दर वेळी, आणि सांगताना पदर सारखा करते.

घरांच्या बाबतीत साडू सगळ्यांना सारखं मानतात, असं म्हणायची सोय नाही. एका पाखराबद्दल त्यांच्या मनात कमालीचा तिटकारा होता, ते म्हणजे होला. कबुतराच्या जातीतला, मानेवर ठिपके असलेला, दिवसभर घुमणारा. त्याचं घरटं तुम्ही पाहिलंय? चार काड्या आडव्या, चार उभ्या, खालून बघितलं तर अंडी दिसतात. सुगरण पक्षी घर विणतो, म्हणजे विणतो नर, आणि नाव मिळतं मादीला. (यावर ताईचं म्हणणं, पक्ष्यांचे नवरे तरी घरचं काही करतात.) शिंपी पानं शिवतो. आणि हा होला काड्या टाकून मोकळा. "हे घर नव्हे, कंत्राटदाराचं काम आहे," साडू म्हणायचे. होल्याच्या घराचा फोटो मी मेलो तरी काढणार नाही, असं त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी जाहीर केलेलं आहे.

आणि याच होल्याने गेल्या वर्षी श्रावणात त्यांची परीक्षा घेतली.

झालं असं, की पालघरच्या एका फोटोग्राफी मंडळाने स्पर्धा लावली आणि विषय ठेवला 'निवारा'. आयुष्यात कधी स्पर्धेच्या वाटेला न गेलेले साडू या विषयाने विरघळले. ताईला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. इतकी वर्षं भिशीतल्या बायका तिला विचारत, तुमचे मिस्टर बिळात डोकं घालून काय बघतात हो? आता सगळ्यांना उत्तर मिळणार होतं. तिने बक्षीस समारंभासाठी साडीला फॉल-पिको करून आणला. साडूंनी जागाही हेरून ठेवली होती, कोळगावच्या अलीकडे, शेतातली जुनी विहीर. तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची वसाहत, आणि बरोब्बर मागे राखणीचा माळा. पाखराचं घर आणि माणसाचं घर एकाच चौकटीत, आणि मावळतीचं ऊन दोघांवर. फक्त ते ऊनच मिळत नव्हतं. आठवडाभर आभाळ घट्ट मिटलेलं. फोटो द्यायची मुदत संपत आली आणि नारळी पौर्णिमेच्या सकाळी आभाळ जरा फाटलं. साडू कॅमेरा पुसायला बसले, आणि नवापूरहून फोन आला.

नवापूरचा हा नाखवा, म्हणजे होडीमालक कोळी, साडूंचा जुना दोस्त. त्याच्या घराचा साडूंनी काढलेला फोटो त्याच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेला आहे. पावसाळाभर त्याची होडी, इतरांसारखीच, किनाऱ्यावर वर ओढून ताडपत्रीने शाकारलेली होती. नारळ वाहून ती पाण्यात लोटायची, म्हणून ताडपत्री काढली, तर केबिनच्या टपावर दोराच्या वेटोळ्यात होल्याचं घर, आणि त्यात दोन उघडी-बोडकी पिल्लं. नाखव्याने घरटं उचलून बाजूला ठेवलं असतं. पण त्याची म्हातारी आई आडवी आली. होडी तिला लेकीसारखी, आणि लेकीच्या अंगावर दुसऱ्याची बाळंतीण बसलेली. ती होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाळंतीण हाय ती. सव्वा मयना झाल्याशिवाय बाळंतीण उंबऱ्याभायेर काढतात काय? आणि तुमी तिला दर्यात नेणार. माझी होडी नाय जायची."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. होडी वाळूत इतकी वर ओढलेली असते, की तिच्यापर्यंत पाणी येतं ते फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला. पौर्णिमेचं उधाण सरलं, की होडी पुढच्या अमावास्येपर्यंत जागची हलत नाही. तोवर बाकीच्या होड्या मोसमाची पहिली मासळी आणून विकणार, आणि मोसमासाठी ठरवलेले खलाशी दुसऱ्याच्या होडीवर चढणार. ते गेले की मोसमभर परत येत नाहीत. नाखव्याच्या हातात उधाणाचे जेमतेम दोन दिवस होते. आईला ओलांडून जायची त्याची हिंमत नव्हती आणि थांबायची ऐपत नव्हती. म्हणून त्याने घरांचे जाणकार म्हणून आमच्या साडूंना बोलावलं.

साडूंनी कॅमेरा पिशवीत घातला आणि निघाले. ताईला वाटलं, कोळगावला चालले.

नवापूरला पोचून त्यांनी आधी पाणी मागून घेतलं. मग टपाशी जाऊन, होल्याच्या त्या चार काड्यांकडे बघून, रीतसर विचारलं, "आहे का घरात कोणी?" मादी दोन होड्यांपलीकडे बसून बघत होती. साडूंनी नाखव्याला सांगितलं, की पाखरू घर ओळखत नाही, पत्ता ओळखतं. पत्ता एकदम बदलला, तर ती परत यायची नाही आणि पिल्लं जातील. पण घर तिच्या डोळ्यांदेखत हातहातभर सरकवलं, तर ती मागोमाग येईल. अख्खं वेटोळंच उचलायचं, घरट्याला बोट लावायचं नाही. टपावरून फळीवर, फळीवरून होडीच्या काठावर, तिथून बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीपर्यंत. म्हातारीला विचारलं. तिने बराच विचार करून परवानगी दिली. बाळंतिणीची खाट ओटीवरून पडवीत नेली तर चालते. वलांडी आपल्याच अंगणातली, तिथवर चालेल.

मग जे सुरू झालं ते कोणी सांगून पटणार नाही. साडू वेटोळं हातभर सरकवायचे आणि लांब जाऊन बसायचे. मादी यायची, मान वाकडी करायची, जुन्या जागी उतरायची, गोंधळायची, मग पिल्लांपाशी जायची. ती बसून पुन्हा उडाली, की पुढचा हात. मधेच सर आली की सगळं थांबायचं. ज्या कोळीवाड्यातली साधी हाक तिसऱ्या होडीला ऐकू जाते, तो कोळीवाडा दोन दिवस कुजबुजत होता. खलाशी पत्ते खेळत होते ते आवाज न करता. एकाने हुकमाचं पान आपटलं, तर म्हातारीने त्याला नजरेने असा दाबला, की त्याने पान उचलून पुन्हा हळूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या दुकानात आली ती लाल होऊन. ऊन पडलंय, मुदत आज संपतेय, आणि हे रात्री नुसते जेवायला येऊन पहाटे परत त्या होल्याकडे. ज्याचं तोंड बघणार नव्हते त्याच्याकडे! मी शटर ओढलं आणि तिला स्कूटरवर घेऊन निघालो. मलाही राग आला होता. दुकानाच्या भिंतीवर पहिल्या बक्षिसाची जागा मी मोकळी करून ठेवली होती. वाटेत ताईने नवऱ्याला काय काय ऐकवायचं त्याची उजळणी केली, आणि मी मधे मधे भर घातली.

पोचेपर्यंत पावसाची सर आली. किनाऱ्यावर सगळे आडोशाला गेलेले. होडीच्या काठाशी, लाकडाच्या ओंडक्यावर, साडू एकटे बसलेले. त्यांच्या हातात एका बाजूने काडी मोडलेली छत्री होती आणि ती त्यांनी हात लांब करून दोराच्या वेटोळ्यावर धरली होती. स्वतः पार भिजले होते. वेटोळ्यात मादी पिल्लांवर पंख पसरून बसली होती. त्यांच्यात नि तिच्यात छत्रीच्या दांड्याएवढं अंतर. कॅमेऱ्याची पिशवी नाखव्याच्या घरात खुंटीला टांगलेली होती, तिला त्यांनी दोन दिवसांत हात लावला नव्हता. मी नंतर विचारलं, एवढं जवळून, एक तरी फोटो काढायचा होता. तर म्हणाले, "सामान हलवताना कोणी कोणाच्या घरात कॅमेरा घेऊन शिरतं का?"

ताईने उजळणी केलेलं सगळं वाहून गेलं असावं. मग तिने पर्समधून मोबाइल काढला, जन्मात जिने धड फोटो काढलेला नाही त्या बाईने, आणि चपला काढून, त्या पाखराला उठवणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "आहे का घरात कोणी?"

साडूंनी वळून बघितलं. छत्री हलू दिली नाही. एवढंच म्हणाले, "आहे."

दुपारच्या भरतीला घरटं वलांडीवर पोचलं होतं आणि मादी त्यात बसली होती. म्हातारीने पाण्याला नारळ वाहिला. खलाशांनी, गावकऱ्यांनी दोर धरले, दोन दिवस गिळलेले सगळे आवाज एकदम बाहेर काढले, आणि होडी पाण्यात गेली. मीही दोराला हात लावला होता, हे नमूद करतो. संध्याकाळी पश्चिमेला ढग फाटून असं ऊन पडलं, की कोळगावच्या विहिरीवर ते कसं दिसत असेल, हे आम्हा तिघांनाही कळलं. साडू त्या उन्हाकडे बघत उभे राहिले. चेहरा जरा उतरला होता, नाही म्हणत नाही. मग वलांडीकडे वळून म्हणाले, "काड्या चार आहेत खऱ्या. पण पकड चांगली आहे." होल्याच्या जातीला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळालेलं नाही.

बक्षीस दुसऱ्या कोणाला गेलं. ताई ती साडी नेसून नवापूरला गेली, पहिल्या फेरीची मासळी आणून नाखव्याने जेवायला बोलावलं होतं तेव्हा. तोवर पिल्लं उडून गेली होती, आणि रिकाम्या घराचा फोटो साडू काढत नाहीत, म्हणून होल्याच्या घराचा त्यांनी काढलेला फोटो जगात नाही. त्यांची प्रतिज्ञा शाबूत राहिली.

ताईने काढलेला आहे. त्यात एका कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय, क्षितिज कलंडलंय, पाऊस म्हणून नुसत्या रेघोट्या आहेत, आणि मधे एक भिजलेला माणूस मोडकी छत्री दुसऱ्यावर धरून बसलाय. त्यांच्या घराच्या भिंती घरांच्या फोटोंनी भरलेल्या आहेत, त्यात माणूस असलेला तेवढा एकच. येणाऱ्या-जाणाऱ्याला साडू त्यातल्या चुका समजावून सांगतात, प्रकाश कसा चुकला, चौकट कशी चुकली. भिंतीवरून मात्र काढू देत नाहीत. त्याची एक प्रत मी दुकानात लावली आहे, मोकळ्या ठेवलेल्या त्या जागी. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मी सांगतो, माझे साडू. आणि मग पंखा दाखवायचा राहून जातो.

हल्ली त्यांचे गुडघे कुरकुरतात. बिळापाशी बसलं की उठवायला कोणीतरी लागतं. पाड्यांवरच्या कुडाच्या घरांच्या जागी स्लॅब पडतायत, विहिरीवरची ती बाभूळही यंदा तोडली. साडू बरेचसे वाडीतच असतात, झोपाळ्यावर बसून जुने फोटो पुसत. मी रविवारी गेलो की फाटकाशी थांबून त्यांच्याच चालीवर विचारतो, "आहे का घरात कोणी?" कधी कधी उत्तर यायला जरा वेळ लागतो. कानही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत ना त्यांचे. तेवढा वेळ मी फाटकाची कडी धरून उभा असतो. मग आतून "आहे, या" येतं, आणि मी चपला काढतो.